ॲल्युमिनियमचे उष्णता संस्करण व वाहनसुरक्षा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
यवतमाळलगतच्या लोहारा या गावाचे नाव घेताच लोहाराची भट्टी आठवते. विळा वा कुऱ्हाड तापवून तिला ‘पाणी दिले’ की पोलादाची धार तत्काळ कठीण होते, हे ज्ञान आपल्या ग्रामीण कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. मोटारीच्या ॲल्युमिनियम भागांना मात्र हा नियम लागू पडत नाही. हा भेद कसा उमगला व प्रवाशाच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काठिण्याचा शोध :
१९०६ मध्ये बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म यांनी तांबे व मॅग्नेशियमयुक्त ॲल्युमिनियम तापवून झटपट थंड केले. धातू मऊच राहिला. परंतु दोनेक दिवसांनी तो कठीण झालेला आढळला. यातूनच ड्युरॅल्युमिन हा मिश्रधातू उदयास आला. विरघळलेली मूलद्रव्ये सूक्ष्म कणांच्या रूपाने हळूहळू वेगळी होतात व त्यामुळे काठिण्य येते, अशी उपपत्ती १९१९ मध्ये अमेरिकेत मांडली गेली. १९३८ मध्ये गिनिये व प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या प्रक्रियेची आरंभीची अवस्था दाखवून दिली.

काठिण्याकडून तन्यतेकडे :
मोटारीत प्रामुख्याने मॅग्नेशियम-सिलिकॉनयुक्त मिश्रधातू वापरतात. ते सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून वेगाने थंड करतात आणि पुढे १७० ते २०० अंशांवर काही तास ठेवतात. कमाल बळकटीच्या अवस्थेस ‘टी-६’ म्हणतात. त्यापुढेही तापविल्यास ‘टी-७’ अवस्था येते. बळकटी थोडी घटते, परंतु धातू न तडकता दुमडण्याची शक्यता वाढते. बंपरमागील भाग तडकला तर धडकेची ऊर्जा पुढे सरकते. त्याला एकामागून एक घड्या पडल्या तर ती तेथेच खर्ची पडते.

महाराष्ट्राचा संदर्भ :
पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (१९६६) वाहनांच्या धडक-चाचण्या घेते, तर नागपूरचे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र (१९८९) या धातूच्या संशोधनास वाहिलेले आहे. मोटारींच्या नव्या मॉडेलांसाठी धडक-चाचणी १ ऑक्टोबर २०१७ पासून बंधनकारक झाली; २०२३ मध्ये ‘भारत एनकॅप’ ही तारांकन पद्धती आली.

समारोप :
आजही ग्राहक पत्र्यावर बोटे वाजवून गाडीची मजबुती ठरवितो. ‘कठीण तेच सुरक्षित’ हा समज विळ्याच्या धारेबाबत खरा असला, तरी धडक सोसणाऱ्या भागाबाबत तो जीवघेणा ठरू शकतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास काठिण्य मोजण्याबरोबरच धातू कसा मोडतो, हे पाहावयास शिकविणे म्हणूनच अगत्याचे आहे.