घड्याळजींचं रीळ आणि दहा हजार फेकींचा मासा

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन-मिनेसोटा भागात मस्की नावाच्या माशाला 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात. नकली आमिष दहा हजार वेळा पाण्यात फेका, मग कुठे एक गळाला लागेल. आकडा अर्थातच ढोबळ आहे, पण सवयीप्रमाणे मी हिशोब केलाच. एका फेकीत २५ मीटर दोरी जाते असं धरलं, तर दहा हजार फेकींत २५० किलोमीटर दोरी हाताने परत गुंडाळावी लागते. म्हणजे जवळजवळ मुंबई ते सातारा, आणि तीसुद्धा टोकाला वजन लावून!

मस्की हा पाइक माशांच्या कुळातला. अंगाने लांबलचक, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं आणि दातांनी भरलेलं. नाव मूळ ओजिब्वे या आदिवासी भाषेतलं. तो खातोही मोठं भक्ष्य, त्यामुळे आमिषंही मोठी लागतात. बास या माशासाठी लोक साधारण १०-१५ ग्रॅमचं आमिष फेकतात. मस्कीसाठी १०० ग्रॅम म्हणजे नेहमीचं, आणि 'पाउंडर' नावाचं एक रबरी आमिष तर नावाप्रमाणे पाऊंडभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या घरात भरतं. हे दिवसभर फेकायचं आणि ओढायचं ते ज्या यंत्रावर, ते बेटकास्टिंग रीळ. आजचा लेख या रिळाबद्दल.

या रिळाची खोड समजायला संक्रांत आठवा. पतंगाला ढील देताना फिरकी सुसाट फिरते. पतंग मध्येच थबकला आणि फिरकी धरणाऱ्याचं लक्ष नसलं की फिरकी फिरतच राहते आणि मांजाचा गुंता होतो. इथेही तेच. आमिष हवेत जाताना स्पूलला फिरवत नेतं. हवेच्या विरोधाने आमिषाचा वेग कमी होतो, स्पूल मात्र जडत्वामुळे त्याच वेगात राहतो. दोरी बाहेर जायच्या आधीच सुटते आणि रिळावर पक्ष्याचं घरटं तयार होतं. याला बॅकलॅश म्हणतात. (स्पिनिंग रिळात स्पूल फिरतच नाही, त्यामुळे ही भानगड नाही. पण जड आमिष आणि जाड दोरी आली की ते प्रकरण लंगडं पडतं.) उपाय म्हणजे अंगठा. फिरकी धरणाऱ्या पोरासारखाच.

इतिहास सुरू होतो केंटकी राज्यात. गिअरवालं रीळ त्याआधी लंडनमध्ये होतं. ओनेसिमस उस्टनसन नावाचा दुकानदार १७७० च्या सुमारास ते विकत होता. पण त्याला कामाचं यंत्र बनवलं ते केंटकीतल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडरने, १८१० ते १८२० च्या दरम्यान. हा गृहस्थ घड्याळजी आणि चांदीकाम करणारा. त्याला बास मासे धरायचा नाद होता, आणि आमिष होतं जिवंत छोटी मासळी. इतकं हलकं आमिष लांब फेकायचं तर स्पूल फुंकरीने फिरावा इतका मोकळा हवा. असं काम कुणाला जमणार? ज्याच्याकडे घड्याळाची चाकं कापायची हत्यारं आहेत त्यालाच. स्नायडरनंतर जोनाथन आणि बेंजामिन मीक हे भाऊ आले, तेही घड्याळजीच. त्यांच्याकडे शिकलेला बेंजामिन मिलम पुढे त्यांचा भागीदार झाला. हे लोक प्रत्येक स्क्रू त्याच्या भोकासाठी वेगळा बसवत आणि त्यावर नंबर कोरत, म्हणजे रीळ उघडल्यावर स्क्रूंची अदलाबदल व्हायला नको. केंटकी रिळाचं गुणोत्तर बहुधा ४:१, म्हणजे मूठ एकदा फिरवली की स्पूल चारदा फिरतो.

इथे थोडं थांबायला हवं. कारण माझ्या मते पुढची दीडशे-दोनशे वर्षं हा धंदा याच एका निर्णयाचं ओझं वाहतो आहे. मूळ डिझाइन काही ग्रॅम वजन फेकण्यासाठी झालं. नाजूक चाकं, कमी घर्षण, हलकी हालचाल. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवं नाही. छोट्या कामासाठी लिहिलेला प्रोग्राम चांगला चालतो, म्हणून त्यावर मोठं काम टाकत जायचं, आणि मग तो का कोसळतो यावर मीटिंगा घ्यायच्या.

असो. १८९० च्या दशकात मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या विल्यम शेक्सपियर (हो, खरंच हेच नाव) याने दोरी स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. दोरीला इकडून तिकडे नेणारा तो छोटा सरकता दांडा आजही रिळाच्या तोंडाशी दिसतो. पण त्या काळातल्या बहुतेक रिळांत मूठ आणि स्पूल कायम जोडलेले असत. फेकताना मूठ उलटी गरगर फिरे, आणि मोठा मासा पळाला की बोटांच्या पेरांवर सटासट बसे.

ही अडचण जगभर सुटली ती स्वीडनमुळे, आणि पुन्हा घड्याळांच्या घरातूनच. स्वांगस्टा गावात १९२१ साली कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रॉमने कारखाना काढला : एबी उरफाब्रिकेन. अर्थ सरळ, 'घड्याळ कारखाना'. त्याचंच लघुरूप आबू. (आपल्या माउंट अबूशी संबंध नाही.) पुढे ते टॅक्सीचे मीटर बनवू लागले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, टॅक्स्या थांबल्या, मीटर कोण घेणार? मग मुलगा गेटे बोर्गस्ट्रॉमने कारखाना माशांच्या रिळांकडे वळवला. १९५२ साली आलं अँबॅसेडर ५०००. लाल रंगाचं, गोल, बटण दाबताच स्पूल मुठीपासून सुटणारं आणि आत केंद्रापसारी ब्रेक असलेलं. स्पूल फिरला की छोटे ठोकळे बाहेर ढकलले जाऊन कडेला घासतात. वेग दुप्पट झाला की त्यांचा जोर चौपट होतो, म्हणजे फेकीच्या सुरुवातीला, जिथे घरटं व्हायचा धोका जास्त, तिथेच ब्रेक जास्त लागतो. अंगठ्याला पहिल्यांदाच भरवशाचा मदतनीस मिळाला. याच घराण्यातली मोठी भावंडं, ६५०० आणि ७०००, मस्कीवाल्यांनी पुढे वर्षानुवर्षं वापरली.

आता मस्कीकडे परत येऊ. १९४९ हे तिथल्या दंतकथांचं वर्ष. जुलैमध्ये कॅल जॉन्सनने विस्कॉन्सिनमध्ये ६७ पाऊंड ८ औंसांचा मासा पकडला आणि ऑक्टोबरमध्ये लुई स्प्रेने चिपेवा फ्लोएजमधून ६९ पाऊंड ११ औंसांचा, म्हणजे साडेएकतीस किलोच्या वर. यातला खरा विक्रम कोणता यावर अजून भांडण आहे, आणि दोन वेगळ्या संस्था दोन वेगळी नावं मानतात. मला त्यात वेगळंच काही लक्षात राहिलं. स्प्रेचा मासा बोटीजवळ आणल्यावर गोळी घालून मारला होता, आणि त्या काळी तिथे ते कायदेशीर होतं! खवळलेला मासा बोटीत घ्यायचा हा सर्वमान्य उपाय. मासा मरणारच आहे म्हटल्यावर रीळ कमी ताकदीचं असलं तरी चालतं. तो पुरता थकेपर्यंत तासभर झुंजवा, घाई कुणाला आहे?

हे बदललं १९६० च्या दशकात. १९६६ साली गिल हॅमने मिनेसोटात मस्कीज इन्कॉर्पोरेटेड ही संस्था काढली आणि 'पकडा आणि सोडा' हा विचार हळूहळू रुजला. मस्की हा साखळीच्या टोकावरचा शिकारी. एका तळ्यात संख्येने थोडाच असतो आणि मोठा व्हायला खूप वर्षं घेतो. मिनेसोटात २०१५ पासून ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवताच येत नाही. आणि सोडायचा असेल तर लांबलेली झुंज हा खेळ राहत नाही. दमलेल्या माशाच्या रक्तात आम्ल साठतं, पाणी गरम असेल तर त्यात प्राणवायूही कमी असतो. तो पोहत जातो आणि नंतर कुठेतरी मरतो. म्हणजे जोरदार रीळ ही फक्त हौस उरली नाही.

त्यात २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात डबल काउगर्ल नावाच्या आमिषाने धुमाकूळ घातला. दोन मोठी, दहा नंबरी (खरंच दहा नंबरी) फिरती पाती आणि मागे चकचकीत झिरमिळ्या. मासे तुटून पडत, पण पाण्यातून ओढताना बादली ओढल्यासारखं वाटे. जुन्या रिळांचे गिअर झिजायला लागले, मूठ मागे जाऊ न देणारं बेअरिंग घसरायला लागलं, आणि त्याच्या बरोबरीने माणसांचे खांदे आणि मनगटंही बोलू लागली. स्नायडरचं नाजूक घड्याळ शेवटी इथे अडलं.

उत्तर यावेळी जपानहून आलं. साकाई शहरातली शिमानो कंपनीही १९२१ चीच, आणि सुरुवात सायकलच्या फ्रीव्हीलने. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या सायकलच्या गिअरवर हे नाव असेल. १९७० पासून ते रिळंही बनवतात. (त्यांच्या एका गोल रिळाचं नाव चक्क 'कॅलकटा' आहे.) २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं ट्रँक्स ५०० आलं. बसकं, पण अंगाने दांडगं. ते दोन गुणोत्तरांत मिळे : ४.६:१ आणि ६.६:१. सगळा वाद या दोन आकड्यांत आहे.

मूठ अक्षापासून ६० मिलिमीटरवर आणि स्पूलची त्रिज्या २० मिलिमीटर समजा. घर्षण सोडून देऊ. हाताने ५ किलोचा जोर लावला तर ४.६ वाल्या रिळात दोरीवर ३.३ किलोची ओढ मिळते, ६.६ वाल्यात २.३ किलोची. उलट एका फेरीत पहिलं ५८ सेंटिमीटर दोरी आणतं, दुसरं ८३. सायकलवरून सिंहगड चढलेल्याला हे शिकवायला नको.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : वेगवान रीळ हळू फिरवता येतं, मग तेच घ्या, दोन्ही कामं होतील. मला हा अर्धवट वाटतो. घाटात मोठ्या गिअरवर हळू पेडल मारलं म्हणून गुडघ्यावरचा जोर हलका होतो का? आमिष हळू ओढल्यावर पाण्याचा विरोध थोडा कमी होतो हे खरं, पण ज्या वेगाला ते मासा आणतं त्याच वेगाने ओढायचं असेल, तर प्रत्येक फेरीला हाताला जास्तच जोर लावावा लागतो. म्हणून दहा नंबरी पात्यांसाठी ४.६ वालं. झटके देऊन चालवायची लाकडी आमिषं आणि पाण्यावर खळखळणारी आमिषं यांना ओढ कमी लागते. तिथे ढिली पडलेली दोरी झटकन गोळा करणं महत्त्वाचं, तिथे ६.६ वालं. मस्की आमिषामागून थेट आपल्याच दिशेने येतो आणि बऱ्याचदा बोटीच्या अगदी जवळ झडप घालतो. अशा वेळी ढिली दोरी म्हणजे मासा गेलाच. एकच रीळ घ्यायची ऐपत असेल तर मी मंद गुणोत्तर आणि लांब मूठ निवडेन. वेगाची उणीव हाताने थोडीफार भरून निघते.

गोल की बसकं, या भांडणात मात्र फारसा दम उरलेला नाही. पूर्वी मोठी दातेरी चाकं गोल रिळातच मावत, म्हणून मस्कीवाले गोलच घेत. आता दाइवाचं लेक्सा ४०० किंवा ट्रँक्ससारखी बसकी रिळंही तो भार पेलतात आणि मुठीत बरी बसतात. अँबॅसेडरवाले ऐकत नाहीत, ते सोडा.

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या आसपास पोचलं की यातले बरेच जण मस्कीच्या मागे जाणं बंद करतात, रीळ कितीही तगडं असलं तरी. म्हणून रिळाच्या पेटीत पक्कडीशेजारी थर्मामीटरही असतो.