राह-राह-राह : एका आरोळीची कुळकथा

पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात गेलात, तर एकांकिकेच्या आधी घोषणा ऐकू येतात. एकानं 'आवाज कुणाचा?' असं विचारायचं आणि बाकीच्यांनी छप्पर उडेल इतक्या जोरात आपल्या कॉलेजचं नाव घ्यायचं. ज्यांना रंगमंचावर काम मिळालेलं नाही, त्यांनी स्वतःसाठी शोधून काढलेलं हे काम. अमेरिकेतल्या कॉलेजांनी हाच उद्योग फुटबॉलच्या मैदानाबाहेर दीडशे वर्षांपूर्वी सुरू केला आणि पुढे त्याला पद दिलं, गणवेश दिला, निवडणूक दिली. आज आपण ज्याला चिअरलीडिंग म्हणतो, त्याचं मूळ या ओरडण्यात आहे. आणि ओरडणारे सगळे मुलगे होते.

सुरुवात ६ नोव्हेंबर १८६९ची. न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावात रटगर्स आणि प्रिन्स्टन या शेजारच्या कॉलेजांची गाठ पडली. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना म्हणून हा इतिहासात गेला, पण आजच्या फुटबॉलशी त्याचं नातं नावापुरतंच. एकेका बाजूला २५ जण. चेंडू लाथेनं मारायचा किंवा हातानं टोलवायचा, उचलून पळायचं नाही. गणवेश नव्हताच. पोरांनी कोट काढून ठेवले. रटगर्सवाल्यांनी ओळख पटावी म्हणून डोक्याला लाल फडकी गुंडाळली. बघायला शंभरेक माणसं. रटगर्सनं ६–४ असा सामना जिंकला.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. युद्धावरून परतलेल्यांकडून प्रिन्स्टनच्या पोरांनी एक अंगावर काटा आणणारी किंकाळी उचलली होती आणि रटगर्सला घाबरवायला ती वापरायचा त्यांचा बेत होता. खेळाडू धावता धावता किंचाळत होते. झालं भलतंच: समोरचे काही घाबरले नाहीत, यांचाच दम गेला. आठवड्याभरानं प्रिन्स्टनच्या मैदानावर दुसरा सामना झाला, तेव्हा खेळाडूंनी मित्रांना गळ घातली, 'आम्ही खेळतो, तुम्ही कडेला उभे राहून ओरडा.' हा सामना प्रिन्स्टननं ८–० असा जिंकला. आरोळीमुळेच जिंकला असं कोणी सिद्ध करू शकणार नाही, पण ओरडणाऱ्यांना मात्र त्याबद्दल शंका नव्हती. खेळाडूच्या तोंडातली आरोळी प्रेक्षकाच्या तोंडात गेली ती तेव्हा. माझ्या मते अमेरिकन कॉलेज खेळांची सगळी मानसिकता याच वाटणीत आहे. कडेला उभा असलेला माणूस नुसता बघ्या राहिला नाही, खेळाडूनं स्वतःचं अर्धं काम त्याच्याकडे सोपवलं.

प्रिन्स्टनकडे आणखीही एक आरोळी होती, आणि तीही सैनिकांकडूनच आलेली. १८६१च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कची सातवी रेजिमेंट वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी निघाली, तेव्हा तिची गाडी प्रिन्स्टनला थांबली आणि शिपायांनी विद्यार्थ्यांना आपली 'अग्निबाणाची' आरोळी ऐकवली, असं प्रिन्स्टनमध्ये सांगतात. अग्निबाण वर जातानाचा 'सिस', फुटतानाचा 'बूम' आणि खाली उभं राहून वर बघणाऱ्यांचा 'आ'. दिवाळीत गच्चीवर उभं राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. त्या काळच्या अमेरिकेत तीन वेळा हुर्रे करून झालं, की शेवटी एक गुरगुर टाकायची पद्धत होती. तिला 'टायगर' म्हणत. प्रिन्स्टनच्या आरोळीतही हा टायगर होता. पुढे तिथल्या खेळाडूंच्या पोशाखावर केशरी-काळे पट्टे आले आणि वाघ हे कॉलेजचं कायमचं चिन्ह झालं. पुढची आरोळी तर आगगाडीवर बेतलेली: संथ सुरुवात, मग वेग, मग सुसाट. तिचं नावच 'लोकोमोटिव्ह'. माजी विद्यार्थी संमेलनाला येतात तेव्हा पांढऱ्या केसांचे आजोबासुद्धा ती अजून देतात.

प्रिन्स्टनमधून पदवी घेतलेले टॉमस पीबल्स १८८०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात शिकवायला गेले. फुटबॉलचं वेड सोबत होतंच, आरोळीही गेली. मिनेसोटाच्या पोरांनी त्या आरोळीतल्या 'राह-राह-राह'ला आपलं 'स्काय-यू-मा' जोडलं. १८९८च्या हंगामात मात्र संघ ओळीनं हरू लागला. विद्यार्थ्यांच्या साप्ताहिकात चर्चा सुरू झाली. संघ वाईट खेळतो, असं न लिहिता प्रेक्षक वाईट ओरडतात असं लिहिलं गेलं. कोणी इकडून, कोणी तिकडून, तालाला पत्ता नाही. तेव्हा काही विद्यार्थ्यांना आरोळीचे पुढारी म्हणून नेमलं. नोव्हेंबरमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या सामन्यात जॉनी कॅम्बेल हा त्यांच्यातला विद्यार्थी गर्दीसमोर येऊन उभा राहिला, मैदानाकडे पाठ केली आणि प्रेक्षकांकडून एका सुरात आरोळी करून घेतली. मिनेसोटा जिंकलं. कॅम्बेल पहिला चिअरलीडर ठरला.

'मैदानाकडे पाठ' या गोष्टीकडे जरा बघा. ज्या खेळासाठी हा जीव टाकतो, तो खेळच त्याला दिसत नाही. त्याचं मैदान म्हणजे समोरचा जमाव.

तोवर ही लागण सगळीकडे पसरली होती आणि प्रत्येक कॉलेज आपापल्या मगदुराप्रमाणे आरोळी घडवत होतं. येलच्या विद्यार्थ्यांना ग्रीक सक्तीचं. त्यांनी ॲरिस्टोफेनिसच्या 'बेडूक' या नाटकातलं बेडकांचं डरांव-डरांव थेट मूळ ग्रीकमध्ये उचललं. वर्गात ज्याचा कंटाळा यायचा, तेच मैदानावर घसा फोडून म्हणायचं! कॅन्सस विद्यापीठाची आरोळी तर रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी रचली. १८८६ साली ई. एच. एस. बेली आणि त्यांचे सहकारी आगगाडीनं परत येत होते. रुळांच्या सांध्यांवर चाकांचा जो ठेका पडत होता, त्यावर त्यांनी 'राह राह, जेहॉक, केयू' असे शब्द बसवले. विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे, तिथं चुनखडीचा दगड आहे; त्यावरून थोड्याच वर्षांत 'राह राह'च्या जागी 'रॉक चॉक' आलं. बास्केटबॉलचा सामना खिशात आला, की लॉरेन्स गावातलं विद्यापीठाचं ॲलन फील्डहाउस ही आरोळी सुरू करतं. तिचा वेग मुद्दाम मंद, प्रार्थनेसारखा लांबवलेला. समोरच्या संघाला तो अंत्यविधी वाटत असणार.

एवढं वेड कॉलेजांभोवतीच का, हा प्रश्न आपल्याला पडतोच. आपल्याकडे रणजी संघ राज्याचा, आयपीएल संघ शहराचा. कॉलेजच्या संघाला त्याच्या वर्गमित्रांपलीकडे कुत्रं विचारत नाही. अमेरिकेत व्यावसायिक संघ मोठ्या शहरांत वसले आणि मधला अफाट प्रदेश उघडा राहिला. नेब्रास्का राज्यात एकही बडा व्यावसायिक संघ नाही, पण लिंकन गावातल्या विद्यापीठाच्या मैदानाची तिकिटं १९६२च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. सामन्याच्या दिवशी ते मैदान म्हणजे राज्यातलं तिसरं मोठं शहर, असं तिथले लोक कौतुकानं म्हणतात. त्यातले अनेक जण त्या विद्यापीठात कधी शिकलेलेही नसतात. शेतकरी, दुकानदार, ट्रक चालवणारे. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे राज्य, आणि आरोळी देता येणं म्हणजे आपण इथले असल्याची खूण.

आरोळीचा पुढारी होणं सुरुवातीच्या काळात फार मानाचं होतं. जमावाला काबूत ठेवणं, योग्य क्षणी उठवणं, योग्य क्षणी गप्प करणं ही पुढारीपणाची तालीम समजली जाई. फ्रँकलिन रूझवेल्ट हार्वर्डमध्ये चिअरलीडर होते. ड्वाइट आयझेनहॉवर वेस्ट पॉइंटमध्ये फुटबॉल खेळत, गुडघा दुखावल्यावर चिअरलीडर झाले. धाकटे जॉर्ज बुश अँडोव्हरच्या शाळेत मुख्य चिअरलीडर होते. कर्णा तोंडाला लावून जमावाला हाताळायचा सराव पुढे राजकारणात वाया गेला नसावा.

मुली आल्या त्या उशिरा. मिनेसोटात १९२०च्या दशकात, बाकी बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या महायुद्धात, मुलगे आघाडीवर गेले तेव्हा. युद्ध संपल्यावर लॉरेन्स हर्किमर नावाच्या टेक्ससच्या तरुणानं या बदलाचा धंदा केला. तो स्वतः डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा चिअरलीडर. १९४८ साली हंट्सव्हिलच्या कॉलेजात त्यानं चिअरलीडरांसाठी शिबिर भरवलं: ५२ मुली आणि एक मुलगा. पन्नास वर्षांत मुलग्यांचा मान मुलींचा खेळ कसा झाला, हे त्या आकड्यांत दिसतं. रंगीत झिरमिळ्यांच्या गोंड्याचं, म्हणजे पॉमपॉनचं पेटंटही पुढे हर्किमरनंच घेतलं, आणि एक पाय सरळ, एक दुमडलेला अशा उडीला 'हर्की' हे त्याचंच नाव मिळालं. घशाचं काम हळूहळू अंगाकडे गेलं: कोलांट्या, मनोरे, नाच. इतकं, की २०१० साली कनेक्टिकटमधल्या संघराज्य न्यायालयाला या चिअरलीडिंगला खेळ म्हणायचं का, यावर निकाल द्यावा लागला. न्यायालय म्हणालं, अजून नाही. खेळाडूंचा दम वाचावा म्हणून जन्मलेल्या गोष्टीची ही मजल.

आपल्याकडे हे घराणं आलं ते शेवटच्या पिढीच्या रूपात. एप्रिल २००८मध्ये बंगळुरूत आयपीएल सुरू झाली, तेव्हा अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलच्या चिअरलीडर मुद्दाम आणल्या होत्या. त्यांच्या कपड्यांवरून महाराष्ट्रातही राजकीय वाद पेटला. कपड्यांवर बोलायला सगळे होते, पण त्यांच्या तोंडून एकही आरोळी निघत नाही, ही खरी उणीव कोणाच्या ध्यानात आली नाही. आरोळीविना चिअरलीडर म्हणजे उरला तो फक्त नाच, आणि तोही पगारी.

जुनं घराणं शुद्ध बघायचं असेल तर टेक्सस ए अँड एम विद्यापीठात जावं. तिथं फुटबॉलच्या सामन्याला पॉमपॉन नाहीत. विद्यार्थ्यांनी मतदान करून निवडलेले पाच 'यल लीडर', म्हणजे आरोळीचे पुढारी असतात, तीन शेवटच्या वर्षाचे, दोन त्याआधीच्या. ते हातांच्या खुणा करतात, ती खूण रांगारांगांतून मागे पोहोचवली जाते आणि मग हजारो माणसं एकदम वाकून एकच आरोळी देतात. घरच्या सामन्याच्या आदल्या मध्यरात्री त्याची रंगीत तालीम होते. तालमीला काइल फील्ड या तिथल्या मैदानावर जी गर्दी जमते, ती कित्येक संघांना प्रत्यक्ष सामन्याला मिळत नाही. सामनाभर विद्यार्थी खाली बसत नाहीत. त्यामागची गोष्ट २ जानेवारी १९२२ची: डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्ध एकेक खेळाडू जायबंदी होत गेला, तेव्हा ई. किंग गिल हा विद्यार्थी प्रेक्षकांतून खाली आला, खेळाडूचा पोशाख चढवला आणि शेवटपर्यंत कडेला तयार उभा राहिला. त्याला खेळावं लागलं नाही. ए अँड एमनं २२–१४ असा सामना जिंकला. तेव्हापासून तिथला प्रत्येक विद्यार्थी 'बारावा गडी', आणि गड्यानं उभंच राहायचं.

पण आरोळीनं केलेला सगळ्यात मोठा पराक्रम कॅलिफोर्नियातला. स्टॅनफर्डच्या एका आरोळीत प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर कुऱ्हाड घालण्याची धमकी होती. १८९९च्या एप्रिलमध्ये, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाशी बेसबॉलचा सामना व्हायचा होता, तेव्हा बिली अर्ब या आरोळीच्या पुढाऱ्यानं खरोखरचीच लाकूडतोड्याची कुऱ्हाड आणली आणि सभेत बर्कलीच्या निळ्या-सोनेरी रंगातल्या गवताच्या बुजगावण्याचं मुंडकं उडवलं. दोन दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोत सामना. स्टॅनफर्डनं एखादी चाल साधली, की निळी-सोनेरी फीत कुऱ्हाडीनं तोडायची. सामना बर्कलीनं जिंकला आणि त्यांच्या पोरांनी कुऱ्हाडही हिसकावली. शहरभर पाठलाग झाला. एका खाटकाच्या दुकानात घुसून तिचा दांडा करवतून टाकला, पातं क्लिंट मिलर या विद्यार्थ्याच्या कोटाखाली गेलं. परतीच्या बोटींच्या धक्क्यावर पोलीस बर्कलीच्या पोरांची झडती घेत होते. मिलरला एक ओळखीची मुलगी दिसली. तिला अदबीनं सोबत करत तो बोटीवर चढला.

पुढची ३१ वर्षं कुऱ्हाड बर्कलीच्या बँकेच्या तिजोरीत. वर्षातून एकदा सभेसाठी बाहेर निघायची. ३ एप्रिल १९३० रोजी ती तिजोरीकडे परत नेली जात असताना छायाचित्रकार बनून आलेल्या स्टॅनफर्डच्या पोरांनी फ्लॅशचा भडका उडवला, अश्रुधूर सोडला आणि ती पळवली. ते होते २१ जण. स्टॅनफर्डमध्ये त्यांना अजून 'अमर एकवीस' म्हणतात. अखेर १९३३ साली दोन्हीकडच्यांनी शहाणपण दाखवलं आणि ही कुऱ्हाड दरवर्षीच्या फुटबॉल सामन्याचं पारितोषिक ठरली.

याच कुऱ्हाडीसाठी २० नोव्हेंबर १९८२ रोजी बर्कलीत झालेल्या सामन्यात चार सेकंद उरले होते आणि स्टॅनफर्ड २०–१९ पुढे होतं. स्टॅनफर्डनं चेंडू लाथाडला. बर्कलीच्या खेळाडूंनी तो एकमेकांकडे पाच वेळा मागे फेकत पुढे नेला. सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड वाजतगाजत मैदानात उतरला होता. केव्हिन मोएन त्या वाद्यांमधून वाट काढत धावला आणि गोलरेषेपलीकडे गॅरी टायरेल या ट्रॉम्बोनवाल्यावर आदळला. पंचांनी गुण दिले: बर्कली २५, स्टॅनफर्ड २०. तो ट्रॉम्बोन कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवला आहे. कुऱ्हाडीच्या फलकावर सगळ्या सामन्यांचे निकाल कोरलेले आहेत. ती बर्कलीकडे असते तेव्हा त्या सामन्याचा निकाल २५–२० असतो. स्टॅनफर्डनं जिंकून नेली, की तिथले विद्यार्थी तो बदलून २०–१९ करून टाकतात.