काजू, बिब्बा आणि गर काढणारे हात

१/ काजू हे मूळचे ब्राझीलचे झाड. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि झाडापाठोपाठ नावही आले: तुपी भाषेत ‘अकाजू’, पोर्तुगीजांत ‘काजू’, मराठीतही ‘काजू’. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. या धाग्यातला प्रश्न मात्र निराळा आहे. ही बी फोडायची कशी, हे आपल्याकडे कोणाला उमगले असेल?

२/ प्रश्न क्षुल्लक नाही. काजूबीच्या कवचात दाहक तेल असते. ते त्वचेला लागले की फोड येतात. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांना ते माहीत होते. आंद्रे तेवे या फ्रेंच प्रवाशाने १५५७ साली पॅरिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात या झाडाचे वर्णन चित्रासह दिले आहे.

३/ पण असे तेल आपल्याकडे नवे नव्हते. काजूचा सख्खा नातेवाईक शोभावा असा बिब्बा आपल्या रानांत होताच. दोघांचे कूळ एकच, आंब्याचे. दोघांतही देठ फुगून मांसल होतो आणि खरी बी त्याच्या टोकाला बाहेर लोंबते. चरकसंहितेने बिब्ब्याला अग्नीची उपमा दिली आहे. वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घोळवून, घासून त्याचे तेल शोषून घेत. परीट त्याच रसाने कपड्यांवर खुणा करीत. कवच फोडून निघणारी गोडंबी डिंकाच्या लाडवांत जाई. ‘मध्येच बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचारही या फळाच्या स्वभावाची साक्ष देतो.

४/ आता ग्रंथांचा क्रम पाहा. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात बिब्ब्यावर स्वतंत्र संवाद आहे, काजू नाही. १५७८ साली क्रिस्तोव्हाँव द कॉश्ता कोचीनच्या बागांतील काजूची नोंद करतात. युरोपातील औषधविक्रेते बिब्ब्याला ‘अनाकार्डियम’ म्हणत. लिनियसने १७५३ मध्ये तेच नाव काजूच्या प्रजातीला दिले. जुन्या रहिवाशाचे नाव नव्या पाहुण्याला मिळाले.

५/ कोकणातील घरगुती रीत या पार्श्वभूमीवर पाहावी. बोंडूपासून पिळून वेगळी केलेली बी उन्हात वाळवतात. मग अंगणाबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून, भोके पाडलेल्या जुन्या पत्र्यावर ती भाजतात. तेल गळून पेट घेते. धूर डोळ्यांना व छातीला बाधतो, म्हणून लांब काठीने बी हलवत राहायचे. कवच काळे पडले की सारे जमिनीवर ओतून वर माती किंवा राख टाकायची. वैद्याच्या विटेच्या चुऱ्याचे आणि या राखेचे काम एकच: तेल शोषणे. थंड झालेली बी दगडावर कडेने उभी धरून बेताचा ठोका द्यायचा. ठोका जोराचा पडला तर गराचा चुरा होतो. हलका पडला तर कवच तडकतच नाही.

६/ विसाव्या शतकात हेच काम कारखान्यांत गेले. बी वाफवून पायाने चालणाऱ्या कटरवर फोडली जाऊ लागली आणि ती फोडणारे हात प्रामुख्याने स्त्रियांचे होते. हाताला तेल किंवा राख चोळली, तरी बोटे काळवंडत. बाजारात अख्ख्या गराला भाव अधिक, पाकळीला कमी, तुकड्याला त्याहून कमी. ‘डब्ल्यू-३२०’ या प्रतीतला आकडा एका पौंडात अदमासे किती गर बसतात ते सांगतो. गर अखंड निघाला तो कोणाच्या कौशल्याने, हे सांगणारा आकडा त्या वर्गवारीत नाही.

७/ काजूचा इतिहास लिहिताना आपण जहाजे आणि निर्यात मोजतो, कारण त्यांचे कागद उरतात. ठोक्याचा अंदाज मात्र आजीकडून नातीकडे हातांनीच गेला. सोललेले गर पाकिटात मिळू लागल्यावर ती साखळी घरोघरी तुटते आहे. म्हणून एक विनंती: तुमच्या घरी काजूबी किंवा बिब्बा फोडणारे कोणी असेल, तर त्यांची रीत, हत्यारांची नावे आणि हाताला काय लावत ते, त्यांच्याच शब्दांत खाली लिहा.