काडतूस, रायफल आणि हेडर फायली

वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसे तयार होतात. इन्सास रायफल मात्र बनली पश्चिम बंगालमधील इच्छापूरला. तरीही ५.५६ मिमीचे काडतूस तिच्यात बिनचूक बसते, कारण दोन्हीकडे मापांचा एकच आराखडा पाळला जातो. संगणकालाही असा आराखडा लागतो. लिनक्स या कार्यप्रणालीत तो कोठे ठेवावा, हे ठरायला बरीच वर्षे गेली.

प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. स्मृती, डिस्क यांचा ताबा त्याच्याकडे असतो. इतर प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणी करतात. मागणीचा क्रमांक कोणता, माहिती कोणत्या क्रमाने आणि किती बाइटांत द्यायची, हे हेडर फायलींत लिहिलेले असते. 'सी' भाषेतील प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर होताना ही मापे त्यात कायमची उतरतात.

लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले. सुरुवातीला हेडरच्या जागी नुसता एक दुवा ठेवण्याची रीत होती. तो थेट कर्नेलच्या मूळ संहितेकडे नेई. त्यामुळे नवी संहिता आणली की हेडरही बदलत. समजा, एका नोंदीत आधी क्रमांक व मग लांबी होती, आणि आता मध्येच नवा रकाना आला. सर्व प्रोग्रॅम ज्यावर उभे असतात ते सी ग्रंथालय जुन्या मापाचे, नवा प्रोग्रॅम नव्या मापाचा. मग एकाने लिहिलेली लांबी दुसरा भलत्याच जागी शोधतो.

हजारो प्रोग्रॅमांचे संच बांधून वाटणाऱ्या डेबियनसारख्या संग्रहांना हे परवडणारे नव्हते. डेबियनने दुवा काढून सी ग्रंथालयाबरोबर हेडरची स्थिर प्रतच दिली. २००० साली खुद्द टॉरवाल्ड्स यांनीही दुव्याची रीत सोडण्यास सांगितले.

प्रत कर्नेलपेक्षा जुनी असली तर? सहसा काही बिघडत नाही, कारण नवे कर्नेल जुन्या मागण्या ओळखत राहते. उलट, हेडर नवे आणि कर्नेल जुने असेल, तर नव्या मागणीला 'ही सोय नाही' असे उत्तर मिळते. त्याची तयारी प्रोग्रॅमनेच ठेवायची.

एक अडचण उरली होती. हेडरमध्ये कर्नेलच्या खासगी बाबीही मिसळलेल्या असत, आणि प्रत्येक संग्रह त्या आपापल्या परीने गाळी. २००६ च्या २.६.१८ आवृत्तीत बाहेरच्यांसाठी स्वच्छ हेडर काढून देण्याची सोय कर्नेलमध्येच आली. २०१२ च्या ३.७ आवृत्तीत डेव्हिड हॉवेल्स यांच्या कामामुळे बाहेरचे हेडर वेगळ्या कप्प्यात गेले.

कारखान्यातील यंत्रे बदलोत, काडतुसाचे माप बदलत नाही. कर्नेलनेही आतून हवे तेवढे बदलावे. बाहेर दिलेला आराखडा मात्र मोडू नये.