एवढी चांगली पानं कोण टाकतं?

१९८६ सालच्या लक्ष्मीपूजनाची रात्र. मामाच्या घरी ओटीवर तीन पत्तीचा फड बसला होता. मी तेव्हा अकरावीत होतो आणि मामाच्या पाठीशी बसून त्याची पाने पाहत होतो. बदामचा एक्का, राजा आणि गुलाम. कलरमध्ये याहून मोठे काही येत नाही. एकेक करून सगळे पॅक झाले, मामा आणि एक शेजारी एवढेच उरले. शेजारी स्वभावाने सावध माणूस होता, पण त्या रात्री तो चाल वाढवत राहिला आणि मामाही वाढवत राहिला. दोघेच उरल्यावर मामाला केव्हाही शो मागता आला असता, पण त्याने मागितला नाही. शेवटी पाने उघडली तेव्हा शेजाऱ्याकडे पंजी, छक्की, सत्तीची साधी सिक्वेन्स निघाली. मामाचा दिवाळीचा बोनस गेला. दुसऱ्या दिवशी पाडव्याला मामीने ओवाळले, तेव्हा तबकात घालायला मामाकडे एक रुपयाचे नाणे होते.

घरातले सगळे ‘लोभ’ म्हणाले. मामा मात्र एकच वाक्य बोलला, “अगं, एवढी चांगली पानं कोण टाकतं?”

मी गणित शिकलेला माणूस नाही. जुनी नियमपुस्तके, खेळाडूंच्या आठवणी आणि मिळेल ते लेखन वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की मामाचा हा प्रश्न तीन पत्तीच्या अमेरिकेतल्या थोरल्या भावंडाने, म्हणजे पोकरने, जवळजवळ दोनशे वर्षे सोडवायला घेतला आहे. हाती भारी पाने असूनही आपण हरलो आहोत हे ओळखून ती खाली ठेवणे, यालाच तिथे ‘फोल्ड’ करणे म्हणतात. दुबळी पाने कोणीही टाकतो. भारी पाने टाकण्याची विद्या मात्र फार उशिरा आली. ती का उशिरा आली, हे या लेखात पाहायचे आहे.

वीस पानांचा खेळ

पोकरच्या उगमाबद्दल वाद आहेत. फ्रेंच ‘पोक’ आणि जर्मन ‘पोखेन’ या खेळांशी त्याचे नाते सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटींवर तो रुजला, एवढे नक्की. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटाने १८२९ साली अशाच एका बोटीवर पाहिलेल्या डावाचे वर्णन १८४४ साली छापलेल्या आपल्या आठवणींत केले आहे.

हा जुना खेळ फक्त वीस पानांचा होता. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. चौघांना पाच-पाच पाने वाटली की जोड संपला. बदलून घ्यायला पान नाही, कलर नाही, सिक्वेन्सही नाही. वीस पानांतून पाच पाने १५,५०४ प्रकारे येऊ शकतात. त्यांतल्या वीस प्रकारांना हरवणे कोणालाही शक्य नव्हते. चार एक्के आणि कोणतेही पाचवे पान असे सोळा, आणि चार राजे व एक एक्का असे चार. राजांसोबत एक एक्का आपल्याच हाती असेल तर समोरच्याकडे चार एक्के असणे शक्यच नाही. अशा खेळात निदान काही डाव तरी पूर्ण भरवशाचे होते. ‘माझी पाने चांगली आहेत’ या वाक्याला तिथे स्वतःपुरता अर्थ होता.

१८३० च्या दशकापासून खेळ बावन्न पानांवर गेला. पाने बदलून घेण्याची सोय आली, कलर आला आणि पुढे सिक्वेन्स आली. एकाच रंगाची सिक्वेन्स चार एक्क्यांच्याही वर बसवली गेली. ती का बसवावी, याचे एक कारण तेव्हाच्या जाणकारांनी दिले होते, ते मला फार बोलके वाटते. जिंकण्याची खात्री असताना पैसे लावणे सभ्य माणसाला शोभत नाही, म्हणून चार एक्क्यांनाही हरण्याची भीती हवी! आता पाच पानांचे प्रकार २५,९८,९६० झाले. एकाच रंगाची सिक्वेन्स त्यांत चाळीस वेळा येते, आणि त्यातली सर्वांत मोठीही दुसऱ्या रंगातल्या तशाच सिक्वेन्सशी बरोबरीत सुटू शकते. नियम करणाऱ्यांनी खात्री अशी जाणूनबुजून काढून टाकली. खेळाडूंच्या मनातून मात्र ती गेली नाही.

आपल्या पानांवरून समोरच्याकडे

पाने बदलून घेण्याच्या खेळात समोरच्याबद्दल कळायचे ते फार थोडे. त्याने किती पाने बदलली आणि किती पैसे लावले, एवढेच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या सुमारास ‘स्टड’ हा प्रकार पसरला. त्यात प्रत्येकाची काही पाने उघडी असतात. समोरच्याची उघडी पानेच आपल्या सगळ्या पानांहून भारी दिसत असतील तर डाव सोडावा, हा धडा इथे डोळ्यांना दिसू लागला.

या धड्याचा कडक शिक्षक म्हणून हर्बर्ट यार्डली या माणसाचे नाव घ्यावे लागते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेचे सांकेतिक संदेश फोडणारे गुप्त खाते त्याने चालवले. १९५७ साली त्याने पोकरच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. बहुतेक डावांत पडूच नये, हे त्याचे सांगणे. दुसऱ्याचे संदेश वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने पोकरवर लिहिताना हे सांगावे, यात मला योगायोग वाटत नाही. समोरच्याने लावलेले पैसे हाही एक संदेशच असतो.

टेक्सासमध्ये वाढलेल्या ‘होल्डेम’ या प्रकाराने पुढचे पाऊल टाकले. प्रत्येकाला दोन झाकली पाने आणि मध्ये सर्वांसाठी पाच उघडी. लास वेगासमध्ये १९७० साली सुरू झालेल्या जागतिक स्पर्धेमुळे हाच प्रकार मुख्य झाला. त्यातले एक साधे गणित पाहू. आपल्या हाती दोन राजे आहेत. उरलेल्या ५० पानांच्या १,२२५ जोड्या होतात, त्यांत एक्क्यांच्या फक्त ६. म्हणजे एका खेळाडूकडे दोन एक्के असण्याची शक्यता अर्धा टक्काही नाही, आणि आठ जणांपैकी कोणाकडे तरी असण्याची सुमारे चार टक्के. राजे का टाकावेत?

पण समजा, संध्याकाळभर गप्प बसलेला एक खेळाडू आज पुन्हा पुन्हा पैसे वाढवतो आहे. तो असे कोणत्या पानांवर करील? एक्क्यांच्या ६ जोड्या, उरलेल्या दोन राजांची १ आणि फार तर राण्यांच्या ६. आता हिशेब १,२२५ पैकी ६ नसून १३ पैकी ६ असा झाला. आपली पाने तीच आहेत, त्यांची किंमत मात्र समोरच्याच्या वागण्याने बदलली.

टाकण्यालाही मर्यादा

मग शंका आली की पाने टाकावीत, असे म्हणायचे का? तसेही नाही. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली खेळांच्या गणितावर निबंध लिहिला आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर या विषयाचा पायाभूत ग्रंथ. त्यात पोकरला स्वतंत्र विचार मिळाला आहे. ब्लफ हा स्वभावाचा खोडकरपणा नसून चांगल्या खेळाचा आवश्यक भाग आहे, हे त्याने दाखवले.

त्याचा परिणाम टाकणाऱ्यावरही होतो. डावात शंभर रुपये आहेत आणि समोरच्याने आणखी शंभर लावले. आपण निम्म्याहून अधिक वेळा पाने टाकत असू, तर तो हाती काहीही नसताना शंभर लावून नफ्यात राहील. उलट बाजूने, आपल्याला शंभर घालून दोनशे मिळवायचे आहेत. म्हणजे तिनांतून एकदा जरी आपण खरोखर पुढे असलो, तरी पाने ठेवणे तोट्याचे नाही. म्हणून ‘मी बहुधा हरलो आहे’ एवढे पाने टाकायला पुरत नाही. किती प्रमाणात हरलो आहे आणि समोर किती रक्कम आहे, हे दोन्ही बघावे लागते.

पुरावा नसलेला निर्णय

इथे आपण उशिराच्या खऱ्या कारणाशी येतो. टाकलेली पाने पालथी जातात. समोरचाही आपली पाने दाखवायला बांधलेला नसतो. न टाकल्याची चूक सगळ्यांसमोर उघडी पडते, टाकण्याची चूक किंवा शहाणपण मात्र कायमचे झाकलेले राहते. ज्या निर्णयाचा निकालच कळत नाही, तो शिकायचा कसा? जुन्या आठवणींत जिंकलेले आणि हरलेले डाव भरपूर सापडतात, सोडलेले डाव क्वचितच.

हे बदलले ते कॅमेऱ्याने. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले आणि अमेरिकेत खेळणी बनवून नाव कमावलेले हेन्री ओरेनस्टीन यांनी झाकली पाने प्रेक्षकांना दाखवणाऱ्या टेबलाचे पेटंट १९९५ साली घेतले. १९९९ साली ब्रिटनच्या चॅनेल फोरवरील ‘लेट नाइट पोकर’मध्ये टेबलातल्या काचेखालून पाने दिसू लागली. टाकलेल्या पानांना पहिल्यांदाच साक्षीदार मिळाले.

२००३ सालच्या जागतिक स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. अखेरीस दोघे उरले, व्यावसायिक खेळाडू सॅमी फर्हा आणि टेनेसीचा हिशेबनीस क्रिस मनीमेकर. एका डावात फर्हाकडे नव्व्यांची जोडी होती, मध्यावरच्या कोणत्याही पानाशी जुळेल अशी सर्वांत मोठी. मनीमेकरकडे शेवटपर्यंत जोडीसुद्धा जमली नाही, तरी त्याने सगळे पैसे लावले. फर्हाने विचार केला आणि पाने टाकली. पुढे मनीमेकर जिंकला आणि त्याला पंचवीस लाख डॉलर मिळाले. कॅमेरा नसता तर फर्हाचा तो निर्णय शहाणपणाचा म्हणूनही सांगितला गेला असता.

२०१७ साली त्याच स्पर्धेत उलटे घडले. व्हॅनेसा सेल्ब्स्ट या नामवंत खेळाडूकडे तीन एक्के आणि दोन सत्त्या होत्या. गाएल बोमान हिच्याकडे चारही सत्त्या. उरलेल्या दोन सत्त्या नेमक्या समोर असतील, हे मानून एवढा डाव टाकणे जवळजवळ अशक्य. सेल्ब्स्टने टाकला नाही आणि ती स्पर्धेच्या पहिल्याच टप्प्यात बाहेर पडली. या हरण्याला चूक म्हणणे मला पटत नाही. हरणे आणि चुकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही झाकली पाने दिसू लागल्यावरच नीट कळले.

यंत्राचा पश्चात्ताप

शेवटचा टप्पा संगणकाचा. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांत खेळायचा, बोलीला मर्यादा असलेला होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला. २०१७ साली पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रॅटस’ या प्रणालीने बोलीला मर्यादा नसलेल्या खेळात चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले.

या प्रणाली शिकतात त्या पद्धतीच्या नावातच ‘पश्चात्ताप’ हा शब्द आहे. यंत्र स्वतःशीच असंख्य डाव खेळते. प्रत्येक वळणावर ते विचारते, इथे पाने टाकली असती तर किती वाचले असते, ठेवली असती तर किती मिळाले असते. ज्या पर्यायाबद्दलची हळहळ जास्त साठते, तो पुढच्या वेळी ते अधिक वेळा निवडते. माणसाला टाकलेल्या पानांचे पुढे काय झाले असते हे कळत नाही. यंत्राला दोन्ही बाजूंची पाने ठाऊक असल्याने ते हिशेब मांडू शकते. आणि इतके करून ते जे शिकते ते असे, की अवघड जागी तीच पाने कधी ठेवायची आणि कधी टाकायची.

मामाचा डाव

आता ओटीवर परत येतो. तीन पानांचे प्रकार २२,१००. मामाच्या पानांना हरवणारे त्यांत ८२०: तिन्ही सारखी ५२, एकाच रंगाची सिक्वेन्स ४८ आणि साधी सिक्वेन्स ७२०. शंभरात चारही नाहीत. पाने उचलली तेव्हा मामाचे मत अगदी बरोबर होते. पण एका सावध माणसाने इतक्या वेळा चाल वाढवल्यावर समोर २२,१०० प्रकार उरलेच नव्हते. मामा शेवटपर्यंत पहिल्या क्षणाचाच हिशेब धरून बसला. त्याला पाने टाकायचीही गरज नव्हती. मध्येच शो मागितला असता तरी बोनसातला बराच भाग वाचला असता.

मामाला जाऊन आता बरीच वर्षे झाली. घरात तो डाव निघाला की अजूनही ‘लोभ’ हा शब्द येतो. मामा लोभी नव्हता. त्या रात्री त्याने फक्त आपली पाने पाहिली. मीही त्याच्या पाठीशी बसून तेवढीच पाहत होतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही ती टाकली नसती.