डाव्या हाताची सुटका

आमच्या आदिलाबादेत ‘बंडी’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. पैनगंगेकाठच्या मराठी घरांत बंडी म्हणजे बैलगाडी. तेलुगूत बंडी म्हणजे कोणतेही वाहन, आणि हल्ली तर बहुधा मोटारसायकलच. गेल्या दिवाळीत शेजारच्या पोराने फाटकातून ‘बंडी आली’ असे ओरडून सांगितले, तेव्हा आमच्या पंच्याऐंशी वर्षांच्या काकूंनी सवयीने बैलांना पाणी दाखवायला सांगितले. बाहेर उभी होती ती चाकणच्या कारखान्यात तयार झालेली नारिंगी के.टी.एम. तिच्यावरून उतरला तो काकूंचा नातू, म्हणजे माझा पुतण्या. पुण्याहून नांदेडमार्गे एका दमात आला होता.

फराळ व्हायच्या आत त्याने मला गाडीत बसवलेली नवी वस्तू दाखवली. गिअरच्या दांडीवर बोटाएवढा एक सेन्सर आणि सीटखाली काडेपेटीएवढी डबी. ‘‘काका, वरचा गिअर टाकताना क्लच लागत नाही हे जुनंच झालं. आता खाली येतानाही लागत नाही. पायाने दाबायचं, बस्स. रेस गाडी आपली आपण देते.’’ मी म्हटले, ‘‘तुझे आजोबा १९७१ साली क्लचला हात न लावता गिअर खाली आणत होते.’’ तो हसला. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींना हसतात तसे. हा लेख त्या हसण्यातून निघाला आहे, आणि लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आले की तो अगदीच चुकीचे हसला नव्हता.

आधी आत काय घडते ते पाहू. मोटारसायकलच्या गिअरबॉक्सात दातेरी चाके जोडीजोडीने कायम एकमेकांत अडकलेली असतात. गिअर बदलणे म्हणजे चाके भिडवणे नव्हे. कोणती जोडी दांड्याशी जखडायची एवढेच बदलायचे असते. हे काम चाकांच्या बगलेला असलेल्या जाड खुंट्या करतात. त्या शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात. इंजिन जोर लावत असले की खुंट्या खाचेच्या एका भिंतीला दाबून बसतात. रेस सोडली की मागचे चाक इंजिनाला ओढू लागते आणि त्या दुसऱ्या भिंतीला चिकटतात. दोन्ही वेळी सहज निघत नाहीत. क्लच दाबला की हा ताण जातो, म्हणून क्लच दाबायचा.

पण ताण घालवायचा तो एकच मार्ग नाही. वर जाताना क्षणभर रेस सोडली तरी ताण उतरतो. खाली येताना मात्र कामे दोन. समजा, चौथ्या गिअरात इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत आहे आणि तिसऱ्यात त्याच वेगाला ५,००० लागतात. ते हजार फेरे कुठून तरी यायला हवेत. चालवणाऱ्याने मूठ जराशी पिळून दिले तर ठीक. नाही तर मागचे चाकच इंजिनाला फरफटत तिथवर नेते. मग झटका बसतो, चेन कडाडते, आणि रस्ता ओला असला तर चाक घसरते. गिअर खाली आणण्याची सगळी कला त्या एका पिळण्यात आहे.

आता जावा. फ्रांतिशेक यानेचेक या चेक कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वाँडरर कंपनीचा मोटारसायकलचा धंदा घेतला आणि स्वतःच्या व वाँडररच्या नावांची पहिली दोन दोन अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन अंमल होता. त्या काळात त्यांच्या माणसांनी चोरून एका नव्या गाडीची तयारी चालवली, आणि १९४६ साली ती जगापुढे आली. अडीचशे सी.सी.च्या या गाडीत एक साधी पण बिलंदर योजना होती. गिअरचा दांडा जागचा हलला की, वर असो वा खाली, तोच आतून क्लच उचलत असे. पाय दाबलेला आहे तोवर क्लच सुटलेला. पाय हळू सोडला की क्लच हळू धरतो. डाव्या हाताशी क्लचची दांडी होतीच, पण ती वापरावी की नाही हा मालकाचा प्रश्न.

ही गाडी आपल्याकडे आधी मुंबईत आयात होऊन आली. पुढे रुस्तम इराणी आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभारला आणि १९६१ पासून तिथे गाड्या निघू लागल्या. १९७३ पासून नाव झाले ‘येझडी’. १९९६ साली कारखाना बंद पडला. गिअरचा दांडा आत ढकलून उलटा फिरवला की तोच किक व्हायचा, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ज्यांनी पाहिले नाही त्यांना खरे वाटत नाही.

मोठ्या काकांचे आणि जावाचे जुळले ते हौसेने नव्हे. ते एका जिनिंगमध्ये मुनीम होते. एका हंगामात त्यांचा डावा पंजा यंत्रात सापडला. बोटे राहिली, पण आखडली; मुठीवर टेकायची, वळायची नाहीत. कापसाच्या दिवसांत जैनद, बेला आणि नदीपलीकडे पांढरकवड्यापर्यंत फिरणे हेच त्यांचे काम. सायकलवर ते होईना आणि जिनिंगचा मालक थांबेना. बुलेट त्यांच्या कामाची नव्हती. तिचा गिअर उजव्या पायाशी होता आणि कुठूनही एकदम न्यूट्रलला नेणारी टाचेखालची वेगळी दांडीही होती. पण क्लच हवा तो डाव्या हातालाच. अखेर उस्तादांनी, म्हणजे बसस्टँडमागच्या मेकॅनिकने, एक जुनी जावा आणून दिली. ‘‘मुनीमजी, इसमें हाथ का काम पाँव करता है,’’ एवढेच ते म्हणाले. सिग्नल नावाची वस्तू गावात नव्हती हेही एक बरे होते. गिअरात उभे राहायचे तर पाय दाबून धरावा लागे. जरा सैल पडला की गाडी उडी मारे किंवा बंद पडे.

इथे थोडे विषयांतर करतो. १९५६च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा आमच्या जिल्ह्यातली किनवट आणि राजुरा महाराष्ट्राच्या बाजूला गेली आणि नांदेडचे मुधोळ इकडे आले. काकांचे सासर किनवटचे. लग्न एका जिल्ह्यात झाले आणि सासुरवाडी दुसऱ्या राज्यात गेली. त्यामुळे ही जावा धंद्याइतकीच नात्यांसाठीही धावली. सरहद्द ओलांडून गेलेल्या लेकीसुनांचे निरोप तिच्या डिकीतून गेले.

काका गिअर खाली आणत ते बघण्यासारखे असे. पाय खाली दाबायचा, दाबून ठेवायचा, उजव्या मुठीने इंजिनाला एक छोटासा हुंकार द्यायचा आणि तो विरायच्या आत पाय सोडायचा. झटका शून्य. कान लावून बसलेले असत.

निर्मळकडे जाताना महबूब घाट लागतो. आता चौपदरी ४४ नंबरच्या रस्त्याने जाणाऱ्या पोरांना त्याची ओळख राहिलेली नाही, पण सात नंबरच्या जुन्या हायवेवर तो घाट म्हणजे परीक्षा होती. १९७४च्या उन्हाळ्यात मी काकांच्या मागे बसून त्या घाटातून उतरत होतो. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळते. उतारावर रेस पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरात लोटत राहिले की पेट्रोल जवळजवळ थांबते, आणि पेट्रोलाबरोबर तेलही. इंजिन मात्र चाकाच्या ओढीने फिरतच असते. म्हणून अधूनमधून मूठ पिळावी लागते. काका याला ‘घोट पाजणे’ म्हणत. त्या दिवशी ते माझ्याशी बोलण्यात घोट पाजायचे विसरले. दोष गाडीचा नव्हता. पिस्टन धरला, मागचे चाक जागीच आवळले आणि गाडी दरीच्या कठड्याकडे आडवी सरकू लागली. अशा वेळी क्लच दाबायला शिकवतात. काकांना ती बोटेच नव्हती. त्यांनी गिअरच्या दांड्यावर पाय रोवला आणि रोवून ठेवला. क्लच सुटला, चाक फिरू लागले, गाडी सरळ झाली, आणि आम्ही शंभर-दीडशे पावलांवर ब्रेकने उभे राहिलो. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, ‘‘घरी सांगू नकोस.’’ मी आजवर सांगितले नव्हते.

डाव्या हाताची सुटका करण्याची खटपट इतरांनीही केली. जपानात १९५८ साली निघालेल्या होंडाच्या सुपर कबला क्लचची दांडीच नव्हती. एका हातात शेवयांचे ताट धरून घरपोच देणाऱ्या पोऱ्यालाही ती चालवता यावी हा हेतू. आपल्याकडे फिरोदियांच्या लूनाने १९७२ साली गिअरच काढून टाकले आणि शिक्षिका, पोस्टमन, किराणावाले यांना वाहनावर बसवले. १९८४ साली बिनगिअरची कायनेटिक होंडा आली. पायाने गिअर टाकायचा पण क्लच नाही, असा प्रयोग टी.व्ही.एस.ने २००९ साली ‘जाइव्ह’मध्ये केला, तो चालला नाही. माझ्या मते लोकांना गिअर हवा असतो तो कामापेक्षा ऐटीसाठी, आणि ऐटीत क्लच येतो.

पुतण्याची डबी या घराण्यातली नाही. ती शर्यतीच्या मैदानातून आली. शर्यतीत क्लच दाबायला लागणारा निमिषही महाग, म्हणून वरचा गिअर पडताना क्षणाच्या लहानशा अंशापुरती ठिणगी तोडणारी यंत्रणा निघाली. खाली येण्याची सोय नंतरची. रस्त्यावरच्या गाड्यांत बीएमडब्ल्यूने ती २०१४-१५च्या सुमारास आणली, आणि चाकणच्या ३९० ॲडव्हेंचरमध्ये २०२० साली दोन्ही दिशांची सोय आली. जुन्या गाडीला ती बाहेरून बसवायची तर प्रश्न रेसचा असतो. पुतण्याच्या गाडीत मुठीपासून इंजिनापर्यंत केबल नाही, विजेचा निरोप जातो. डबी त्या निरोपाच्या वाटेत बसते. सेन्सरने पाय ओळखला की ती इंजिनाच्या मेंदूला क्षणभर खोटेच कळवते की मूठ पिळली आहे. इंजिन हुंकारते, खुंट्या सैल पडतात, खालचा गिअर बसतो. केबलच्या गाडीत हे जमत नाही. तिथे झडप उघडायला वेगळी मोटर लावावी लागते, आणि तो खटाटोप गाडीच्या किमतीला शोभत नाही.

म्हणजे काकांचा हुंकार डबी देते, आणि काकांपेक्षा नेमका देते. पण एक गोष्ट ती करत नाही, आणि मी पुतण्याला हसता हसता चूक म्हणालो तेही इथेच. जावाचा पाय क्लच खरोखर सोडवत होता. डबी क्लचला हातच लावत नाही; इंजिन आणि चाक जोडलेलेच राहतात. त्यामुळे उभे राहताना, निघताना, आणि चाक आवळले तर, डावा हात हवाच. मोठ्या काकांना ही गाडी चालवता आली नसती. शिवाय भलत्या वेगाला भलता खालचा गिअर दाबला तर डबी तो निमूट घेऊन टाकते. अगदी हळू चालताना ती झटकाही देते, हे पुतण्याने स्वतःच कबूल केले.

पाडव्याला त्याला जावा चालवायची हुक्की आली. उस्तादांच्या मुलाने क्लचचा स्क्रू जुळवून दिला, चौथ्या किकला गाडी सुरू झाली. गल्लीच्या टोकापर्यंत पोरगा छान गेला. डावा हात मुद्दाम मांडीवर ठेवला होता. परत येऊन फाटकाशी तो गिअरातच थांबला, माझ्याकडे बघून हसला आणि पाय जमिनीवर टेकवला. गाडीने टुणकन उडी मारली आणि तुळशीवृंदावनापाशी जाऊन बंद पडली.

काकू ओसरीवरून म्हणाल्या, ‘‘अरे, पाय दाबून धर. तुझे आजोबा मला घ्यायला यायचे ना, तर मी मागे बसेपर्यंत तसाच दाबून धरायचे.’’