आजारपणातील कढण, पेज आणि सार: केव्हा द्यावे, कसे करावे, केव्हा थांबवावे

ताप उतरला, जुलाब थांबले किंवा रुग्ण दवाखान्यातून घरी आला, की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, खायला काय द्यायचे?" बुलढाणा जिल्ह्यात आणि सगळ्या वऱ्हाडात त्याचे उत्तर स्वयंपाकघरातच असते: मुगाचे कढण, तांदळाची पेज, ज्वारीच्या कण्या, आंबील. मात्र हे पदार्थ किती दाट असावेत आणि किती दिवस द्यावेत, याकडे लक्ष न दिल्यास रुग्ण उपाशीच राहतो.

ही पद्धत कुठून आली?

चरकसंहितेत पंचकर्मातील शोधनानंतर पेया, विलेपी, यूष अशा क्रमाने पातळ आहाराकडून दाट आहाराकडे जाण्यास सांगितले आहे. यूष म्हणजेच आपले कढण. चीनच्या पारंपरिक आहारपद्धतीतही आजारी माणसाला तांदळाची पेज आणि कमळबी, लाल खजूर, मशरूम घातलेली सुपे देतात. दोन्हीकडे विचार एकच आहे: थकलेल्या पोटाला मऊ, कोमट अन्न थोडे थोडे द्यावे आणि हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे यावे.

वरणाचे पाणी म्हणजे कढण नव्हे

सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे डाळ खाली ठेवून फक्त वरचे पाणी देणे. प्रथिने मुख्यतः डाळीत असतात, पाण्यात फार थोडी उतरतात. 100 ग्रॅम मूगडाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे 30 ग्रॅम डाळ घोटून केलेल्या वाटीभर कढणातून साधारण 7 ग्रॅम मिळतात. 50 किलो वजनाच्या निरोगी माणसालाही दिवसाला सुमारे 41 ग्रॅम प्रथिने लागतात, आजारातून उठताना ही गरज आणखी वाढू शकते. त्यामुळे दाट कढणही पूर्ण जेवणाची जागा घेऊ शकत नाही. नुसत्या पाण्यावर आठवडाभर ठेवलेल्या रुग्णाचे वजन आणि स्नायू घटतात.

मुगाचे कढण कसे करावे?

- 2 मोठे चमचे (सुमारे 30 ग्रॅम) मूगडाळ धुऊन 2 कप पाण्यात हळद घालून कुकरमध्ये मऊ शिजवा.
- रवीने घोटून एकजीव करा. गाळू नका.
- 1 लहान चमचा तुपात जिरे-हिंगाची फोडणी द्या. मीठ बेताचे घाला.
- खाली उतरवल्यावर लिंबू पिळा. त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह अधिक शोषले जाते.

शेवग्याच्या शेंगांचा गर, दुधी किंवा लाल भोपळा शिजवून यात घोटता येतो.

क्रम कसा ठेवावा?

1. पहिला दिवस: मीठ घातलेली पेज किंवा पातळ कढण, अर्धी वाटी, दर 2-3 तासांनी.
2. दुसरा दिवस: दाट कढण, ताकासोबत मऊ शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, आंबील.
3. तिसऱ्या दिवसापासून: मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, दही. भूक लागताच नेहमीचे जेवण सुरू करा.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र काय आणि केव्हा सुरू करायचे, हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच ठरवतील. जुलाब सुरू असताना कढणासोबत ओआरएस द्या. त्याचे 1 लिटरचे पाकीट असेल तर ते पूर्ण 1 लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवा.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

- लहान बाळ: 6 महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर चमच्यावरून सहज ओघळणार नाही इतके दाट वरण-भात तूप घालून द्या.
- मधुमेह: तांदळाच्या पेजेने साखर लवकर वाढते. डाळीचे कढण घ्या. खाणे कमी झाले असेल तर इन्सुलिन व गोळ्यांच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारा.
- किडनीचा आजार: टोमॅटोचे सार, शेवग्याचा पाला आणि डाळी यांतून पोटॅशियम मिळते. प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.
- उच्च रक्तदाब, हृदयविकार: तयार पाकिटातील सुपात मीठ बरेच असते, ते टाळा.
- पक्षाघात: पातळ पदार्थ पिताना ठसका लागत असेल तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. देणे थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.
- शाकाहारी वृद्ध: डाळी-भाज्यांच्या कढणातून बी-12 मिळत नाही. दूध-दही द्या, गरज वाटल्यास तपासणी करा.

"ताकद देणाऱ्या" चिनी किंवा आयुर्वेदिक सूप-पावडरी घ्याव्यात का?

गरज नाही. अशा मिश्रणांत ज्येष्ठमध असू शकते. ते जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या सुरू असतील तर ते धोक्याचे ठरते. क्षयरोगासारख्या आजारात कोणतेही सूप औषधाची जागा घेत नाही. गोळ्या सुरूच ठेवा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पोटात पाणीही टिकत नसेल, 6 ते 8 तास लघवी झाली नसेल, शौचातून रक्त जात असेल, रुग्णाला गुंगी येत असेल, ताप 3 दिवसांहून अधिक राहिला असेल किंवा वजन घटत असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. प्रकृती गंभीर असल्यास 108 वर रुग्णवाहिका बोलवा.